चाल : फ्रेंच गाण्याची

काल रात्री भांडी घासत होते, युट्यूब आपल्या मनानेच एकामागून एक गाणी लावत होतं, आणि अचानक आज्दा पेक्कान या तुर्की गायिकेचा आवाज आला. हात साबणाचे होते म्हणून बंदही करता आलं नाही आणि खरं सांगायचं तर करायचंही नव्हतं. नवरा आतून ओरडला, अगं हे ते आय विल सर्वाइव्ह ना, मग हे काय भाषेत चाललंय. म्हटलं थांब, परदेशी चालींवर तुर्की शब्द बसवलेल्या या गाण्यांवर एकदा नीट लिहायलाच पाहिजे, किती वर्षं मनात घोळतंय.

तर झालं असं की मी इस्तंबूलमध्ये दोन हिवाळे काढले. नोकरीच्या निमित्ताने. ऑफिस युरोपच्या बाजूला आणि घर आशियाच्या बाजूला, काडिकॉयमधल्या मोडा नावाच्या भागात, म्हणजे रोज सकाळी बोटीत बसून खंड ओलांडून कामाला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, सांगलीच्या मुलीला आयुष्यात एवढा रुबाब पुन्हा मिळणार नाही. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची, सत्तरी ओलांडलेली, एकटी, दोन मांजरी आणि एक जुना रेडिओ. तिला मी तेयझे म्हणायचे. तेयझे म्हणजे मावशी, आणि अगदी आपल्या अर्थाने मावशी, आईची बहीण. आत्याला हाला, काकाला आमजा, मामाला दायी. ज्या भाषेत मामा वेगळा आणि काका वेगळा त्या भाषेत मला पहिल्या आठवड्यातच घरच्यासारखं वाटायला लागलं, आणि बस स्टॉपवरच्या अनोळखी बाईलाही तेयझे म्हणायची पद्धत, हेही आपल्यासारखंच.

पहिल्या जानेवारीत बर्फ पडला. मी आयुष्यात पहिल्यांदा पडताना बघितला, त्यामुळे वेड्यासारखी खाली अंगणात जाऊन व्हिडिओ काढत होते, तेवढ्यात मावशीने खिडकी उघडून आत बोलावलं. चहा टाकलेला होता, दोन मजली किटलीतला, आणि रेडिओवर एक माणूस गात होता. संथ चाल, मागे पियानो, उदास पण गोड. आणि मला एकदम ओळख पटली. पुण्यात कॉलेजला असताना फ्रेंचच्या क्लासला बाईंनी हेच गाणं लावलं होतं, तोंब ला नेज, बर्फ पडतोय, साल्वातोरे आदामोचं, १९६३ चं. फक्त इथे शब्द तुर्की. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी मोठा शोध लावल्यासारखं म्हणाले, मावशी हे गाणं चोरलेलं आहे!

मावशी शांतपणे साखरेचा खडा चहात ढवळत म्हणाली, आधी गातोय कोण ते ऐक.

गात होता आदामोच. स्वतः. तुर्कीत. म्हणजे ज्याचं गाणं त्यानेच तुर्की शब्द पाठ करून इस्तंबूलच्या लोकांसाठी म्हटलेलं, आणि मी आपली चोर चोर करून ओरडतेय. त्या दिवसापासून मावशी मला अधूनमधून 'पोलीस' म्हणायची.

त्या गाण्याचं तुर्की नाव हेर येर्दे कार वार. सगळीकडे बर्फ आहे. शब्द लिहिले होते फेज्री एब्जिओलू नावाच्या माणसाने, आणि या सगळ्या गोष्टीची सुरुवात जिथून होते तो हाच माणूस. हा पत्रकार, रेडिओवर कार्यक्रम करणारा, परदेशी रेकॉर्डींचा शौकीन. ५० च्या दशकात इस्तंबूलच्या क्लबांमध्ये बँड वाजायचे ते फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, इंग्लिश गाणी वाजवायचे, गायकही त्याच भाषांत गायचे, लोक नाचायचे आणि शब्द कळले नाहीत तरी कळल्यासारखा चेहरा करायचे (आपणही करतोच). तुर्कीत गायचं म्हणजे बहुतेक एकतर शास्त्रीय नाहीतर लोकगीत, गिटार आणि ड्रम घेऊन तुर्की शब्द म्हणणं हे कुणाला जमेल असं वाटतच नव्हतं. मग १९६१ मध्ये एब्जिओलूने बॉब आझामच्या एका फ्रेंच गाण्यावर तुर्की शब्द बसवले आणि इल्हाम गेन्जेर या पियानिस्टने ते गायलं. बॉब आझाम म्हणजे मूळचा इजिप्तमधला, या मुस्तफा या गाण्यामुळे गाजलेला. त्याच्या त्या फ्रेंच गाण्याच्या नावाचा अर्थ होतो, आकाशात लिहिलेलं आहे. तुर्कीत एब्जिओलूने त्याचं काय केलं बघा. बाक बिर वारमिश बिर योकमुश.

हे मला मावशीने समजावून सांगितलं आणि तिथे मी खरी या गाण्यांच्या प्रेमात पडले. बिर वारमिश बिर योकमुश म्हणजे शब्दशः, एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. प्रत्येक तुर्की आजी गोष्ट सुरू करताना हेच म्हणते. म्हणजे आपलं आटपाट नगर होतं! आता विचार करा, परदेशी चाल, मागे पार्टीवाला बँड, आणि गायक तोंड उघडतो तर पहिलाच शब्द आजीच्या मांडीवरचा. त्याने आकाशात लिहिलेलं वगैरे भाषांतर करायचा प्रयत्नच केला नाही. त्याने काय विचार केला असेल मला माहीत नाही, पण कान तयार असलेला माणूस होता एवढं नक्की.

या प्रकाराला नाव पडलं आरांजमान. फ्रेंच शब्दच आहे तो, तुर्की करून घेतलेला. पुढची पंधराएक वर्षं तुर्की पॉप म्हणजे मुख्यतः आरांजमान. फ्रेंच आणि इटालियन चाली सगळ्यात जास्त, मग इंग्लिश, स्पॅनिश, ग्रीक, हिब्रू, जे कानाला गोड लागेल ते. शब्द लिहिणाऱ्यांत तीन नावं मोठी, एब्जिओलू, सेझेन जुमहूर ओनाल आणि फिक्रेत शेनेश. शेवटचं नाव लक्षात ठेवा, त्या बाई आहेत. मी बरेच दिवस पुरुष समजत होते कारण फिक्रेत हे नाव पुरुषांचंही असतं, मावशीने तिथेही 'पोलीस' म्हणून हसून घेतलं.

मावशीकडे सिंगल रेकॉर्डी होत्या, ती त्यांना 'पंचेचाळीसच्या' म्हणायची, कारण मिनिटाला ४५ फेरे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उभ्या रचून ठेवलेल्या, मध्ये मध्ये वर्तमानपत्राचे कागद. त्यावर दोन ओळी असायच्या, एक मुझिक आणि एक सोझ. मुझिक म्हणजे संगीत, तिथे कुणीतरी परदेशी. सोझ म्हणजे शब्द, तिथे फिक्रेत शेनेश नाहीतर एब्जिओलू. आणि सोझ म्हणजे वचनसुद्धा. सोझ वेर्मेक म्हणजे शब्द देणे, आपण मराठीत म्हणतो तस्संच, शब्द दिलाय मी त्यांना. मुलीचं लग्न ठरलं की सोझ केस्टिक म्हणतात, शब्द पक्का केला. हे मला फार आवडलं की गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याच्या नावापुढे जो शब्द छापलाय त्याचा अर्थ वचन आहे.

आणि इथे मला आमच्या आजीचं कपाट आठवलं. आजीकडे संगीत नाटकांची जुनी पुस्तकं होती, पानं पिवळी, हात लावला की कोपरा तुटायचा. सौभद्र, शाकुंतल. त्यात प्रत्येक पदाच्या वर कंसात छापलेलं असायचं, चाल : अमुक अमुक. लहानपणी मला वाटायचं चाल म्हणजे कसं चालायचं ते, स्टेजवर डावीकडून की उजवीकडून. आजीने सांगितलं अगं म्हणजे हे पद त्या दुसऱ्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं, कुठली कानडी चाल, कुठली लावणीची, कुठली साकी. कुणी लपवलं नाही, कुणाला लाज वाटली नाही, उलट वरच छापून मोकळे. अण्णासाहेब किर्लोस्करांना कुणी विचारायला गेलं नाही की ही चाल तुमची आहे का, लोकांनी शब्द ऐकले आणि रात्र रात्र बसून राहिले. आजही आमच्याकडे कोकणातल्या सुनेच्या माहेरी गणपतीत डबलबारीचं भजन असतं तेव्हा बुवा सिनेमाच्या चालीवर विठ्ठलाचं नाव बसवतात आणि जो नीट बसवतो त्यालाच टाळ्या. 'बसवणे' हा आपला शब्दच किती बरोबर आहे. चालीवर शब्द बसवायचे, जसा दगड भिंतीत बसवतात, ठोकून ठोकून, फट राहिली की सगळ्यांना दिसते.

म्हणून मला हिंदी सिनेमाच्या त्या 'हे गाणं कुठून उचललंय' टाइप व्हिडिओंचा जरा कंटाळा येतो. तिथे नाव न देता उचललं म्हणून चिडायला हरकत नाही, चिडाच. पण आरांजमानमध्ये सगळं उघड होतं, आणि तरी तुर्कस्तानातसुद्धा बरीच मंडळी याला नावं ठेवायची की हे काही आपलं संगीत नाही, उसनं आहे. मला वाटतं ती मंडळी फक्त मुझिकची ओळ वाचत होती, सोझची वाचतच नव्हती.

आता पालाव्रा पालाव्रा घ्या. मूळ इटालियन, पारोले पारोले, १९७२, मीना नावाची गायिका आणि एक पुरुष नुसता बोलतो, गोड गोड, तू किती सुंदर वगैरे, आणि ती गात गात म्हणते शब्द, शब्द, नुसते शब्द. पुढच्या वर्षी दालिदा या गायिकेने फ्रेंचमध्ये केलं, पुरुषाच्या जागी आलाँ देलाँ हा नट. तुर्कीत आज्दा पेक्कानने गायलं, बोलायला जुनेयत त्युरेल हा नट. फ्रेंचवाल्यांचं काम सोपं होतं, त्यांनी पारोल ठेवलं. तुर्कीत शब्दाला सोझ किंवा केलिमे म्हणतात, यातलं एकही त्या चालीत जात नाही, आणि गेलं तरी त्यातून कुत्सितपणा निघत नाही. मग घेतला पालाव्रा. हा मूळचा पालाब्रा, स्पॅनिशमध्ये याचा अर्थ साधा 'शब्द', पण तुर्कीत येईपर्यंत त्याचा अर्थ झालाय थाप, बढाई, फेकाफेकी. म्हणजे आवाज जवळपास मूळ गाण्याचाच राहिला, मूळ अर्थही कुठेतरी तळाशी राहिला, आणि वर तुर्की ऐकणाऱ्याला थेट 'थापा! थापा!' असं ऐकू आलं. एका शब्दात तीन कामं. आणि गंमत म्हणजे मराठीतही अगदी हेच घडलंय, हिंदीतली बात म्हणजे साधं बोलणं, मराठीत आल्यावर झाल्या बाता. बाता मारतो मेला. मी मावशीला हे सांगितलं, बात आणि बाता, तेव्हा ती इतकी हसली की मांजर मांडीवरून उठून गेलं. म्हणाली पुरुष सगळीकडे सारखेच आणि म्हणून भाषापण.

माझा आपला एक अंदाज आहे की फ्रेंच चाली तुर्कीला एवढ्या का मानवल्या. फ्रेंचमध्ये जोर शेवटी पडतो, तुर्कीतही बहुतेक शब्दांचा जोर शेवटी पडतो, त्यामुळे चालीतला लांबवलेला सूर आणि शब्दाचा शेवट बरोबर एका जागी येतात. शिवाय तुर्कीत क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी, त्यामुळे यमक फुकटात, आपल्याकडे कसं जातो येतो बघतो करतो. तोंब ला नेज, शेवटचं अक्षर ओढून गायलं की पाच अक्षरं होतात. हेर येर्दे कार वार, मोजा, पाचच. मी बोटीत बसून बोटांवर मोजलेलं आहे, शेजारचे आजोबा बघत होते.

पण अक्षरं जुळवणं सोपं, अर्थाचं काय केलं ते बघा. फ्रेंचमध्ये तो सरळ म्हणतो की बर्फ पडतोय आणि आज रात्री तू येणार नाहीस. विषय संपला. तुर्कीत एब्जिओलूने म्हटलंय सगळीकडे बर्फ आहे, माझं काळीज आज रात्री तुझं आहे. येणार नाहीस हे धृपदातून काढूनच टाकलं. दार उघडं ठेवलं. मावशीच्या मते म्हणूनच दर वर्षी पहिला बर्फ पडला की रेडिओवाले हेच लावतात, कुणीतरी येईल असं वाटायला हवं ना. आदामोची गोष्टही अशीच फिरलेली, जन्म सिसिलीतला, वडील बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेले म्हणून हा बेल्जियमचा, गायला फ्रेंचमध्ये, आणि हेच बर्फाचं गाणं त्याने जपानीतही म्हटलं. असल्या माणसाला ओरिजिनल कुठलं विचारायचं तरी कसं.

आज्दा पेक्कानबद्दल लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल. थोडक्यात, १९६३ मध्ये सेस मासिकाच्या स्पर्धेतून सिनेमात आली, त्याच इल्हाम गेन्जेरच्या चाती नावाच्या क्लबमध्ये गायला लागली होती, मग आरांजमानची महाराणी झाली. स्ट्रेंजर्स इन द नाइटचं इकी याबांजी केलं, म्हणजे दोन परके. १९७६ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात एन्रिको मासियास या फ्रेंच गायकाबरोबर कार्यक्रम केला. आणि ते बाम्बाश्का बिरी, ज्यामुळे काल माझं पातेलं अडकलं. मूळ आय विल सर्वाइव्हमध्ये, म्हणजे ग्लोरिया गेनरच्या गाण्यात, जगण्याची, तगून राहण्याची गोष्ट, इथे फिक्रेत शेनेशने नावच दिलं, पार वेगळंच कुणीतरी. बाश्का म्हणजे वेगळं, बाम्बाश्का म्हणजे एकदम वेगळं. तुर्कीत विशेषणाला ठसका द्यायचा असला की पुढे असं एक तुकडं लावतात, पांढरं बेयाझ तर पांढरंशुभ्र बेम्बेयाझ, निळं मावी तर निळंशार मास्मावी. आपल्याकडे मागे लावतात, पिवळाधमक, काळाकुट्ट, हिरवागार, त्यांच्याकडे पुढे. ते 'बाम्' जे आहे ना ते डिस्कोच्या ठेक्यावर इतकं झकास आदळतं की मला वाटतं शेनेशबाईंना तो ठेका ऐकूनच शब्द सुचला असणार. हा माझा तर्क, पुरावा मागू नका.

आणि आता तो योगायोग जो कळल्यावर मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते. तिकडे जुन्या पिढीतल्या कुणालाही भारतीय आहे म्हटलं की ते गायला लागतात. भाजीवाला, टॅक्सीवाला, हॉस्पिटलातला वॉर्डबॉय. आवारामू! आपलं आवारा हूँ, त्यांच्या कानाला आवारामू. राज कपूरचा आवारा १९५१ चा, तिकडे ५० च्या दशकाच्या मधे पोचला आणि नुसता धुमाकूळ. चेंबूरच्या आर. के. वाल्यांचा सिनेमा, शंकर जयकिशनची चाल, आणि मोडाच्या भाजीबाजारात टोमॅटो तोलता तोलता तो माणूस म्हणतोय. तर १९६४ मध्ये त्या सिनेमाचा तुर्की अवतार निघाला, आवारे, त्यात राज कपूरच्या जागी साद्री आलिशिक आणि नायिका कोण तर आज्दा पेक्कान. म्हणजे आरांजमानची महाराणी पॅरिसच्या चाली गाण्याच्या ऐन सुरुवातीला आपल्या मुंबईच्या सिनेमाच्या उसन्या गोष्टीत काम करत होती. मावशीला यात काहीच विशेष वाटलं नाही. ती म्हणाली त्यात काय, आवारे आमचाच तर आहे.

तिचं ते 'आमचाच' मला तेव्हा गमतीचं वाटलं, पण पुढे एक गाणं ऐकलं आणि गंमत गेली.

तिकडे लोक एकमेकांना भेटले की विचारतात मेमलेकेत नेरेसी, म्हणजे मुलूख कुठला. इस्तंबूलमध्ये जन्मलेलाही सांगतो सिवास, ट्राबझोन, जिथे त्याचा आजा होता. मुंबईत जसं विचारतात गाव कुठलं, आणि गिरगावात जन्मलेला माणूस सांगतो देवगड. मेमलेकेत आणि आपला मुलूख, दोन्ही एकाच अरबी मुळातून आलेले. तर एक गाणं आहे, बिर बाश्कादिर बेनिम मेमलेकेतिम, माझा मुलूख काही औरच. आयतेन आल्पमानने गायलेलं, १९७२, शब्द पुन्हा फिक्रेत शेनेश. निघालं तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९७४ च्या जुलैमध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं आणि सरकारी रेडिओ टीव्हीवर हे गाणं सतत वाजायला लागलं, इतकं की ते जवळपास दुसरं राष्ट्रगीत होऊन बसलं. शाळेत, स्टेडियममध्ये, सणाला, सगळीकडे. (त्याच दिवसांत त्याच बेटावरच्या ज्या ग्रीक लोकांना घरं सोडावी लागली त्यांना ही चाल ऐकून काय वाटत असेल, हाही प्रश्न मला ऐकताना दर वेळी पडतो.)

मावशीचा मोठा भाऊ त्या वेळी सैन्यात होता. सायप्रसला. परत आला, पण सहा आठवडे काही खबर नव्हती, आणि त्या सहा आठवड्यांत आई रेडिओ बंद करू द्यायची नाही, रात्रीसुद्धा. बातम्या येतील म्हणून. बातम्यांच्या मध्ये मध्ये हे गाणं. मावशी म्हणाली अजून हे लागलं की मला आईच्या हातातल्या वांग्यांचा वास येतो, ती त्या उन्हाळ्यात वांगी तळतच होती, खायला कुणी नव्हतं तरी.

आणि चाल कुठली? यिद्दिश. पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांच्या भाषेतलं एक गाणं, रेब्बे एलिमेलेख. मोइशे नादिर नावाच्या कवीचं. त्यात एक धर्मगुरू आहे, खुशीत येतो, प्रार्थनेच्या पट्ट्या काढून ठेवतो, चष्मा लावतो आणि दोन सारंगीवाल्यांना बोलावणं धाडतो. मग अजून खुशीत येतो, मग ढोलवाले आणि बाकीचे वाजवणारे. असं ते विनोदी गाणं. तिथून चाल गेली फ्रान्सला, मिरेई मातियूने त्याच चालीवर गायलं एका आंधळ्यावरचं गाणं. तिथून आलं इस्तंबूलला आणि झालं देशभक्तीचं. धर्मगुरू, मग आंधळा, मग मायभूमी. एवढा प्रवास करून चाल तीच, आणि प्रत्येक घरात लोकांना शंभर टक्के खात्री की ही आमची.

मी हे शोधून काढलं तेव्हा पहिल्यांदा तोंडाशी आलं होतं मावशीला सांगायचं. मग पत्र्याचा डबा आठवला, वांगी आठवली, आणि म्हटलं जाऊदे, या बाबतीत पोलिसाने रजा घ्यावी. तरी शेवटी मीच चहा पिता पिता सांगून टाकलं कारण माझ्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली, माहितीये ना मला. डब्यातून काढून दाखवली रेकॉर्ड. मग म्हणाली, त्या रब्बीलाही त्याच्या गावाची आठवण आली असेल कधीतरी.

हे आरांजमान प्रकरण ७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी ओसरलं. एकीकडे हुर्रियेत पेपरने १९६५ मध्येच सोनेरी मायक्रोफोनची स्पर्धा सुरू केली होती, पाश्चात्त्य वाद्यं चालतील पण गाणं आपलं पाहिजे, लोकगीत घ्या नाहीतर नवीन रचा, त्यातून मग गिटारवाले गावाकडची गाणी म्हणायला लागले, बारिश मांचो, जेम काराजा ही मंडळी मोठी झाली. दुसरीकडे सेझेन आक्सूसारखी स्वतःची गाणी स्वतः रचणारी पिढी आली. मग उसन्या चालीची गरजच राहिली नाही. उलट त्यांची चाल बाहेर जायला लागली, पण ती तर आधीही जात होती, १९६७ चं बेर्कांतचं सामानयोलू हे मेतिन ब्युकेयचं अस्सल तुर्की गाणं, १९६९ मध्ये त्याच्यावर ओ लेडी मेरी नावाचं गाणं बसलं आणि फ्रान्समध्ये धो धो चाललं. सामानयोलू म्हणजे आकाशगंगा, शब्दशः भुश्याची वाट, कुणाच्या तरी गाडीतून आकाशभर भुसा सांडत गेलाय. फ्रेंचवाल्यांनी भुसा काढून मेरी आणली. आमच्या मते तोट्याचा सौदा.

एक गोष्ट राहिली, सांगू की नको करत होते. इस्तंबूल सोडून आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मला एकदम जोर आला की आपणही बसवावे शब्द, बर्फाच्या गाण्यावर, मराठीत. चार रात्री घालवल्या. पहिली अडचण बर्फच. मराठीत बर्फ म्हटलं की डोळ्यासमोर गोळा येतो, लाल सरबत ओतलेला, किंवा मासळी बाजार, विरह काही येत नाही. हिम म्हटलं की पाठ्यपुस्तक. 'सगळीकडे बर्फ' हे त्या चालीत घालायला गेलं की मधे 'कडे' कुठेतरी लटकत राहतं. शेवटी बर्फ सोडून दिला आणि लिहिलं, पाऊस आला. पा-ऊ-स-आ-ला. पाच. बसलं! पुढचं धृपद तेवढं सहज नाही झालं पण झालं.

व्हिडिओ कॉलवर मावशीला म्हणून दाखवलं. इकडे खिडकीबाहेर खरंच कोसळत होता, तिकडे ती अंडरशर्टवर बसलेल्या भाच्याला बाजूला सारून कान फोनला लावून ऐकत होती. एक शब्द कळायचं कारण नव्हतं. झाल्यावर विचारलं कार, म्हणजे बर्फ? मी म्हटलं नाही, यागमुर, पाऊस, आमच्याकडे बर्फ नसतो ना. तिने मान हलवली, चालेल म्हणाली, आणि मग अगदी गंभीर चेहरा करून विचारलं,

"मग तुझ्या गाण्यात येतो की नाही तो?"

मी तो विचारच केला नव्हता. वही उघडून बसलेय परत.